माशी शिंकली!

“मामी, हलू नकोस! अजिबात हलू नकोस!”

भाचा ओरडला आणि मी होते तिथेच थिजले. एका हातात धुण्याची बादली, दुसऱ्या हातात चिमट्यांची पिशवी. वाटलं, पायाशी साप निघाला. आमच्याकडे निघतात अधूनमधून. पण तो खाली बघतच नव्हता, माझ्या डोक्याकडे बघत होता. त्याच्या हातात नऊ फुटी काठी, काठीच्या शेंड्यातून निघालेली पिवळीधमक दोरी आणि त्या दोरीचं दुसरं टोक थेट माझ्या पदरात. मासा नाही, अख्खी मामीच गळाला लागली होती!

मैत्रिणींनो, मी राहते तिसगावला. तालुका पाथर्डी, जिल्हा नगर. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला अजून वळण पडलेलं नाही. कल्याण-विशाखापट्टणम महामार्गावरचं आमचं बाजाराचं गाव. तालुका दुष्काळी. वाईट वर्ष असलं की टँकर किती वाजता येणार यावर बायकांच्या दिवसाचं वेळापत्रक ठरतं. अशा गावात एक तरणाताठा मुलगा अंगणात उभा राहून मासे धरायची प्रॅक्टिस करतोय, हे दृश्य बघायला कुंपणाबाहेर दहा-बारा पोरं आणि दोन म्हाताऱ्या जमल्या नसत्या तरच नवल. शेजारच्या काकूंनी विचारलंच, “काय ओ वहिनी, पाव्हणं कोरड्यात कोणता मासा धरत्यात?”

हा माझ्या नणंदेचा मुलगा. अमेरिकेत कोलोरॅडो नावाच्या डोंगराळ राज्यात नोकरीला. तिथल्या थंडगार नद्यांवर जाऊन जाऊन त्याला ‘फ्लाय फिशिंग’चा नाद लागला. गेल्या दिवाळीत आला तो काठीचं लांबोळं नळकांडं खांद्याला अडकवूनच. नगरहून येताना एसटीत कंडक्टरने विचारलं, “ठिबकचा पाइप का? लगेज लागंल.” आमच्या ह्यांचं कृषी सेवा केंद्र. त्यांनीही दारात नळकांडं पाहून तोच प्रश्न केला, “ठिबक आणलंस काय?”

तर हे फ्लाय फिशिंग म्हणजे काय, हे आधी सांगते. आपला साधा गळ तुम्ही पाहिला असेल. तंगूस, वजनाला शिशाचा तुकडा, काट्याला गांडूळ नाहीतर कणकेचा गोळा. वजनामुळे गळ लांब जातो. इथे सगळंच उलटं. काट्याला आमिष नसतंच. पिसं, केस, रंगीत दोरा गुंडाळून काट्यालाच माशीचं रूप द्यायचं आणि ती खोटी माशी पाण्यावर अलगद उतरवायची. माशाने फसून तोंड घातलं की झालं काम. थोडक्यात, माशीने मासा धरायचा! पण त्या माशीला वजन नाही. मग ती लांब जाणार कशी? म्हणून दोरीच जाड आणि वजनदार. माशीजवळचा शेवटचा वाव-दीड वाव तेवढा तंगुसासारखा बारीक. काठी मागे झटकायची, दोरी हवेत मागे पूर्ण उलगडेपर्यंत क्षणभर थांबायचं आणि मग पुढे सोडायची.

आणि इथेच माशी शिंकते.

या खेळातली पहिली आणि सगळ्यात जुनी चूक म्हणजे मागे न बघणं. सगळं लक्ष पुढच्या पाण्यावर. मागे झाड आहे, तार आहे, की मामी आहे, याचा पत्ता नाही. भाच्याने माझ्याआधी कडुलिंब धरला होता, वाळत घातलेली चादर धरली होती आणि स्वतःची टोपी तर दोनदा. दुसरी चूक घाईची. दोरी मागे उलगडायच्या आत पुढे ओढली, तर आसुडासारखा फटकन आवाज होतो आणि टोकाची माशी तुटून गायब. गडी मात्र तुटलेल्या दोरीने पाणी झोडपत बसतो. एका सुटीत आपण अर्धा तास बिनमाशीचे मासे धरत होतो, हे त्यानेच हसत हसत सांगितलं. तिसरी विसराळूपणाची. काठीला दोरी ओवायला बारीक कड्या असतात. त्यातली एक चुकते, हे शेवटची गाठ मारून झाल्यावर लक्षात येतं, आणि सगळं उसवून पुन्हा पहिल्यापासून. शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको!

चौथी चूक मी डोळ्यांनी पाहिली. काठी घरातच जोडायची घाई आणि डोक्यावर फिरता पंखा. टक्क करून आवाज आला आणि शेंड्याचा वीतभर तुकडा देवघरासमोर जाऊन पडला. म्हणे, काठ्या पाण्यावर कमी आणि पंख्यात नि गाडीच्या दारात जास्त मोडतात. नशिबाने त्याच्याकडे जादा शेंडा होता.

माझा पदर मात्र न फाटता सुटला. कारण त्याने काट्याचा उलटा दात पकडीने आधीच दाबून टाकला होता. दात नसलेला काटा कापडातून जसा सहज निघतो तसाच माशाच्या जबड्यातून आणि माणसाच्या बोटातूनही निघतो. “चूक होणारच आहे मामी, म्हणून ती झाल्यावर कमी लागेल एवढी व्यवस्था आधी करायची,” तो म्हणाला. डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी हवीच, हेही त्याने सांगितलं. दाताचा काटा खोल रुतला तर घरी ओढाताण न करता दवाखाना गाठायचा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. आणि डोळ्याजवळ लागला असेल तर काट्याला हातसुद्धा लावायचा नाही.

हा सगळा तमाशा सासूबाई ओसरीवरून बघत होत्या. नातवाची टोपी गळाला लागली की तोंडाला पदर लावून हसायच्या. “दमलं माझं लेकरू,” म्हणून लिंबूसरबत पुढे करायच्या. ते बघत मी उभी राहिले आणि आत दूध उतू गेलं. सासूबाईंचं हसू तिथल्या तिथे थांबलं. “लक्ष कुठं आसतं तुझं? पंचवीस वर्षं झाली लग्नाला.” मी गॅस पुसत होते आणि मनात कुठंतरी खुट्ट झालं. पण घर म्हटलं की असं चालायचंच, म्हणून सोडून दिलं.

सासूबाई माळकरी. घरात मासा-मटण नाही. शिवाय जवळच कानिफनाथांची मढी आणि पलीकडे सावरगावला मच्छिंद्रनाथांचा मायंबा. नाथांच्या मुलखात हा उद्योग त्यांना पटेना. “मच्छिंद्रनाथ माशाच्या पोटी जन्मले, आन् तू माशाला गळ लावतो का रे?” भाच्याने समजावलं, “आजी, मी मासा मारत नाही. धरतो आणि लगेच सोडून देतो.” सासूबाईंनी क्षणभर विचार केला. “मग धरतो कशाला?” या प्रश्नाचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं. खरं सांगायचं तर जगातल्या कुठल्याच गळवाल्याजवळ नसावं.

मला स्वतःला गोडी लागली ती माशी बांधायची. एक छोटा शिकंजा टेबलाला लावायचा, त्यात बोटाच्या पेराहून लहान काटा पकडायचा आणि त्यावर दोऱ्याने पिसं बसवायची. भरतकाम केलेल्या हाताला हे नवीन नव्हतं. पुढे मी याबद्दल वाचलं तेव्हा चकितच झाले. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी ईलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या मासेमारांविषयी लिहून ठेवलंय, की ते काट्याला लाल लोकर गुंडाळून कोंबड्याच्या गळ्याजवळची दोन पिसं लावतात. इंग्लंडात १४९६ साली छापलेल्या गळाच्या पुस्तिकेचं श्रेय तर परंपरेने डेम ज्युलियाना बर्नर्स नावाच्या जोगिणीला दिलं जातं. अभ्यासक त्यावर शंका घेतात ती गोष्ट वेगळी. आणि स्कॉटलंडच्या मेगन बॉइड! जन्म १९१५ चा. ब्रोरा गावाजवळच्या एका छोट्या घरात बसून त्यांनी आयुष्यभर माशा बांधल्या. त्या वेळचे राजपुत्र चार्ल्स, म्हणजे आताचे राजे, त्यांचे गिऱ्हाईक. १९७१ साली त्यांना ब्रिटिश एम्पायर मेडल जाहीर झालं, तर कुत्र्याला सांभाळायला कुणी नाही म्हणून बाई घ्यायलाच गेल्या नाहीत. मासा मारायला जीव धजावत नाही म्हणून त्यांनी स्वतः कधी गळ टाकला नाही, म्हणे. २००१ मध्ये त्या गेल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या हौसेसाठी बारीक काम करणारी बाई वाचून मला आपल्या कितीतरी शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणी आठवल्या.

पण माझ्या हातून झालेला घोटाळा ऐका. शेजारच्या काकूंचा तांबडा कोंबडा पाहुण्यांच्या पातेल्यात गेला होता. त्याच्या गळ्याची पिसं मी मागून आणली, शाम्पूने धुतली, वाळवली. दिवाळीचे दिवस. टेबलाच्या एका बाजूला पिसं, दुसऱ्या बाजूला परातीत चकलीची भाजणी. भाचा आत आला, “काय उकडतंय!” म्हणाला आणि पंखा लावला. पुढचं काय सांगू? घरात कोंबड्याच्या पिसांचा पाऊस! हसून हसून आम्ही लोळलो. आणि मग माझं लक्ष परातीकडे गेलं. भाजणीत पिसं. माळकऱ्याच्या घरात, दिवाळीच्या फराळात, कोंबड्याची पिसं!

सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी दोन किलोची भाजणी गुपचूप गाईच्या घमेल्यात ओतली, परात तीनदा घासली आणि दुपारी घाईघाईने दुसरी दळून आणली. “चकल्या आज का नाही झाल्या?” असं विचारल्यावर “तेल संपलं होतं,” असं सांगितलं. पंखा भाच्याने लावला होता. त्याने सांगितलं असतं तर सासूबाई हसल्याही असत्या. पण भाजणी उघडी मी ठेवली होती. ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. पंचेचाळिशी ओलांडलेली बाई मी, गावात बचत गट चालवते, ग्रामसभेत उभी राहून बोलते. आणि भाजणीसाठी खोटं बोलले.

दोन दिवसांनी आम्ही राहुरीजवळ मुळा धरणावर निघालो. आमच्या मिरी-तिसगाव योजनेचं पाणी याच धरणातून येतं, त्यामुळे मला तर घरच्याच हंड्यावर चालल्यासारखं वाटलं. २६ टीएमसीचं धरण, पावसाळ्यानंतर काठोकाठ. धरणातली मासेमारी ठेक्याने मासेमारांच्या सहकारी संस्थांकडे असते, म्हणून आधी काठावरच्या मासेमारांना विचारलं. त्यांनी ती काठी हातात घेऊन वाकवून बघितली, एकमेकांकडे पाहिलं आणि मोठ्या मनाने “बसा, बसा” म्हणाले.

आता फ्लाय फिशिंगचा खरा मासा ट्राउट, थंड पाण्यातला. तो आपल्याकडे काश्मीर-हिमाचलात. तोसुद्धा मूळचा इथला नाही. विलायतेहून त्याची अंडी मागवली तेव्हा १८९९ ची पहिली खेप वाटेतच खराब झाली. १९०० ची दुसरी काश्मिरात सुखरूप पोचली. म्हणजे आपल्याकडे श्रीगणेशाच माशी शिंकून झालेला! महाराष्ट्रातला मानाचा मासा महाशीर. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पिल्लं तयार करून सोडतात. मुळा धरणावर आमची उडी मात्र चिलापीपर्यंतच.

मी बांधलेल्या पाच माशा डबीतून अभिमानाने काढल्या. भाच्याने पहिली हातात घेतली, उजेडात धरली, आणि हसू दाबत म्हणाला, “मामी, दोरी ओवायची कुठून?” काट्याच्या टोकाला सुईसारखं नेढं असतं. मी हौसेने तिथपर्यंत दोरा गुंडाळला होता आणि वरून पक्कं व्हावं म्हणून नेलपॉलिश लावलं होतं. पाचही नेढी बंद! “अगं, सगळ्यांची पहिली चूक हीच असते. माझ्या पहिल्या डझनभर माशा अशाच होत्या,” असं म्हणून त्याने खिशातून सुई काढली आणि एकेक नेढं मोकळं केलं. म्हणजे बघा, चुकीचं औषध तो खिशात घेऊनच फिरत होता.

तो स्वतः काही कमी नव्हता. दोरीवर पाय ठेवून दोरी फेकली. शेवाळावर घसरून कमरेपर्यंत भिजला. वाऱ्याने दोरीला आपोआप गाठी पडल्या, त्या सोडवण्यात पाऊण तास गेला. तेवढ्यात पाण्यावर आलेल्या एका म्हशीने शिंगाने काठी बाजूला सारली. दर वेळी तो मोठ्याने हसायचा आणि म्हणायचा, “हे तिकडे मित्रांना सांगितलंच पाहिजे.” मला नवल वाटत राहिलं. हा माणूस आपल्या चुका जपून ठेवतोय, बक्षिसासारख्या!

मग माझी पाळी आली. माझी तांबडी माशी, माझीच गाठ. चार-पाच वेळा पायाजवळच पडली. सहाव्यांदा कशी कोण जाणे, बरी गेली. आणि पाणी फुटलं! दोरी ताणली, काठी वाकली, हाताला तो जिवंत हिसका जाणवला. मी किंचाळले. काठाशी चिलापीची चंदेरी कूस चमकली, आणि एकदम सगळं सैल. मासा गेला, माशीही गेली.

भाच्याने दोरीचं टोक हातात घेतलं. ते डुकराच्या शेपटीसारखं गोल वळलं होतं. “दोरी तुटली असती तर टोक सरळ राहिलं असतं. वळलंय म्हणजे गाठ सरकली. आवळायच्या आधी ओली केली नव्हतीस ना?” नव्हती केली. त्याने सांगितलं होतं. गाठ आवळण्याआधी थुंकी लावायची, नाहीतर घासून तंगूस कमजोर होतो, आणि शेवटचं टोक फार जवळून कापायचं नाही. मी दोन्ही केलं होतं. माझा चेहरा पडला. आता ऐकून घ्यावं लागणार, म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. तर भाच्याने हात पुढे केला. “अभिनंदन मामी! गाठ सरकून मासा गेल्याशिवाय माणूस या धंद्यात मोजला जात नाही.”

काठावर जाळं नीट करत बसलेली मासेमार बाई हे सगळं बघत होती. ती मोकळेपणाने हसली. “ताई, आवो आमचं ऐका. नवीन लगीन झालं तव्हा जाळ्याला गाठी मारता मारता मी माजा पदरच जाळ्यात बांदला. मालकांनी जाळं फेकलं आन् जाळ्यामागं मी!” शेजारी बसलेला तिचा नवरा म्हणाला, “आन् मी काय केलं ते सांग की. हिला काढायच्या नादात होडी बांदायची इसरलो. होडी गेली निम्म्या धरणात.” दोघं नवराबायको एकमेकांच्या चुकांवर असे काही हसत होते की पाण्यावरचे बगळे उडाले. निघताना तिने एकच सांगितलं. कापलेला तंगूस काठावर टाकू नका, पाखरांच्या पायात अडकतो, पाय तुटतो. भाच्याने रिकामी बाटली दाखवली. सगळे तुकडे त्यात आधीच भरलेले होते. काही चुका हसण्यावारी न्यायच्या नसतात, हेही त्या दोघांना कळत होतं.

परतीच्या वाटेवर मी गप्प होते. पुरुषांच्या चुका किस्से होतात. पारावर, टपरीवर, लग्नाच्या पंगतीत रंगवून सांगितल्या जातात. आपल्या चुकांचे मात्र टोमणे होतात. माझ्या पहिल्या संक्रांतीला गुळाची पोळी तव्यावर फुटली, ती अजून दर संक्रांतीला फुटते! म्हणून मग आपण काय करतो? भाजणी गाईला घालतो आणि तेल संपलं म्हणून सांगतो.

भाचा परत जायच्या आदल्या रात्री आणखी एक शिंक झाली. माशा बांधायला मोराचं पीस उत्तम, म्हणून मी माळावर वेचलेली दहा-बारा पिसं प्रेमाने त्याच्या बॅगेत तळाशी घातली होती. पण गळून पडलेलं पीस घरात ठेवायला हरकत नसली तरी मोरपीस देशाबाहेर न्यायला बंदी आहे. त्याने वेळेवर विचारलं, “मामी, बॅगेत काही घातलंयस का?” या वेळी मी लपवलं नाही. हसून काढून दिली.

पुढच्याच आठवड्यात बचत गटाची मीटिंग. काम सुरू व्हायच्या आधी मी बायकांना सगळी हकिगत सांगितली. पदर, पंखा, बंद नेढी, सुटलेला मासा. भाजणीचंही सांगून टाकलं. बायका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकीने सांगितलं, मोबाइल समजून रिमोट पिशवीत घालून आपण नगर गाठलं होतं. दुसरीने विहिणीला विचारलेल्या भलत्याच प्रश्नाची गोष्ट काढली. नुसता दंगा. आणि या दंग्यात आमची खजिनदार एकटी हसत नव्हती.

सगळ्या गेल्यावर ती थांबली. म्हणाली, “ताई, माझी बी एक माशी शिंकली.” आणि रडायलाच लागली. पाच महिन्यांपूर्वी बचत आणि कर्जाचे हप्ते मिळून जमलेली रक्कम बँकेत भरली, आणि नंतर वही मिळवताना ९०० रुपये कमी निघाले. वहीत ५४३०, पासबुकात ४५३०. आपल्या हातून पैसे हरवले असं तिला वाटलं. कुणाला न सांगता शेकडा दहाने ९०० रुपये उचलले आणि खात्यात भरले. तेव्हापासून महिन्याला ९० रुपये व्याज मोलमजुरीतून फेडत होती. मुद्दल तसंच.

मी तिला पाणी दिलं आणि आम्ही दोघी सगळ्या बायकांची पुस्तकं घेऊन बसलो. एकेकीची रक्कम मांडली. बेरीज आली ४५३०. पैसे हरवलेच नव्हते! वहीत आकडा उलटा पडला होता, एवढंच. कुणाला नुसतं विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. न झालेल्या चोरीचे ९०० रुपये आणि वर ४५० रुपये व्याज तिने भरलं होतं.

“अगं, मला का नाही सांगितलंस?” मी विचारलं. ती खाली बघत म्हणाली, “तुम्ही हसला आसता.”

मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी तिने चुकून अध्यक्षांच्या जागी सही केली होती. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, “काय गं, अध्यक्ष व्हायचंय का?” सगळ्या हसल्या. पुढे कित्येक दिवस बायका तिला ‘अध्यक्षीणबाई’ म्हणायच्या. मी विसरून गेले होते. ती नव्हती विसरली. सासूबाईंचे टोमणे मोजणारी मी, माझा एक टोमणा कुणाला साडेतेराशे रुपयांना पडला हे मला तेव्हा कळलं. तिची मी माफी मागितली. पुढच्या मीटिंगला तिच्या संमतीने सगळ्यांना सांगून गटाने तिचे ९०० रुपये परत केले. आता आमच्या मीटिंगची पहिली दहा मिनिटं ठरलेली असतात, ‘माशी कुणाची शिंकली?’ पहिला नंबर माझा. अट एकच. ऐकलेली चूक टोमणा म्हणून पुन्हा काढायची नाही.

घरी आल्यावर मी सासूबाईंनाही भाजणीचं सांगून टाकलं. वाटलं, आता महिनाभर अबोला. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग जपाची माळ बाजूला ठेवून म्हणाल्या, “बहात्तरच्या दुष्काळात मी खडीवर होते. आठवड्याचा पगार झाला, त्याची मिलो घेतली. लिंबाखाली पिशवी ठिवली आन् पाणी प्यायला गेले. येऊन बघते तं गाईनं तोंड घातलेलं, निम्मं धान्य मातीत. घरी खाणारी सात तोंडं. भ्याले. चोरी झाली म्हनून सांगितलं.” जरा थांबून त्या पुढे म्हणाल्या, “सासूनं माझ्यासंगं कामाला येणाऱ्या बाईवर आळ घेतला. साऱ्या आळीत बोलली तिला. मी तिथंच हुते. गप ऱ्हायले. ती बाई आता न्हाई.”

पन्नास वर्षं. माझ्याकडे बोलायला शब्दच नव्हते. नुसता त्यांचा हात हातात घेतला.

हे सासूबाईंना विचारूनच लिहितेय. “लिही,” म्हणाल्या, “फकस्त त्या बाईचं नाव टाकू नको. लई सोसलं तिनं.”

मैत्रिणींनो, गाठ सरकायची ती सरकतेच. भाच्यासारखी सुई खिशात ठेवावी, काट्याचा दात आधीच दाबून ठेवावा, म्हणजे सुटताना कुणाचा पदर फाटत नाही. परवा माझं दूध पुन्हा उतू गेलं. गॅस बंद करून मी दाराकडे बघत राहिले, आता येईल आवाज म्हणून. आला. ओसरीवरून सासूबाईंनी विचारलं,

“माशी शिंकली का गं?”